पोलिसांविरुद्धची तक्रार : कोठे नोंदली जाते, कोणाला दिसते?



गेल्या हनुक्काच्या सुमारास आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात चहापान चालले होते. सगळे उठायच्या बेतात असताना एका मावशींनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "हे जरा वाचून दाखवा. नातवाच्या नावाने आले आहे. तो म्हणतो, सोडून दे आजी, काही उपयोग नाही. पण मला झोप येत नाही."

कागद महाशकडून आलेला होता. मावशींचा नातू रात्रपाळी करून घरी येत असताना त्याला रस्त्यात अडवले गेले, बेड्या पडल्या, मनगट सुजले आणि सकाळी काही आरोप न ठेवता त्याला घरी पाठवले. त्याने तक्रार केली होती. काही महिन्यांनी उत्तर आले ते एवढेच, की चौकशीची फाईल बंद करण्यात आली आहे. ते गाव कोणते, ठाणे कोणते हे आम्ही येथे लिहीत नाही. त्या रात्री आम्ही तेथे नव्हतो, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय न्याय करण्याचे काम आमचे नाही. पण मावशींनी तीन प्रश्न विचारले. ते आमच्या मनात राहिले, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न : या तक्रारीमुळे मुलाच्या नावाला काही चिकटून राहील का? दुसरा : ज्या माणसाविरुद्ध तक्रार होती त्याचे नाव कोठे लिहिलेले आहे का, आणि ते कोणाला पाहता येते का? तिसरा : आता फाईल बंद झाली म्हणजे सगळे संपले का?

आपल्या पिढीला पोलिसांविषयी आदरच आहे. आपल्यातले कितीतरी लोक मुंबईत पोलीस खात्यात, लष्करात, रेल्वेत नोकरीला होते. येथेही आपली मुलेमुली मिश्तारात आणि मागावमध्ये आहेत. म्हणूनच हा विषय रागाने नव्हे, समजून घेण्यासाठी मांडत आहोत. हिब्रू शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत. घरी पत्र आले तर तेच शब्द तुमच्यासमोर येणार आहेत.

तक्रार कोणाकडे जाते?

पूर्वी इस्राएलमध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलीसच करीत असत. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याचाच सहकारी चौकशीला, अशी ती रीत होती. १९९२ मध्ये ती बदलली. न्याय मंत्रालयात वेगळा विभाग सुरू झाला : हामाहलाका लेहाकिरोत शोत्रिम, म्हणजे पोलिसांची चौकशी करणारा विभाग. त्याचेच लहान नाव महाश. तो पोलीस प्रमुखाच्या हाताखाली नाही, न्याय मंत्रालयाच्या हाताखाली आहे. मागावचे जवानही पोलीसच असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रारही येथेच येते.

पण महाश सगळ्याच तक्रारी घेत नाही. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते, असा गुन्हा पोलिसाने केल्याचा संशय असेल तरच तो महाशचा विषय. मारहाण, अधिकाराबाहेर बळ वापरणे, लाच, खोटे कागद करणे या गोष्टी त्यात येतात. उद्धट बोलणे, तक्रार लिहून घ्यायला टाळाटाळ, फोनला उत्तर न देणे या गोष्टी पोलीस खात्याच्या पनियोत हत्सिबुर, म्हणजे जनतेच्या तक्रारींच्या कचेरीकडे जातात. शिस्तभंगाचा भाग खात्याच्या शिस्त विभागाकडे जातो. महाशला एखादे प्रकरण फौजदारी खटल्याइतके गंभीर वाटले नाही, तर ते शिस्तीच्या कारवाईसाठी पोलीस खात्याकडे पाठवले जाऊ शकते.

तिसरे दार मेवाकेर हामेदिना यांचे आहे. राज्याचे हिशेब तपासणारा हा अधिकारी १९७१ पासून जनतेच्या तक्रारींचाही आयुक्त आहे. त्याला शुल्क नाही. सरकारी खात्याने अन्याय केला, काम अडवले, नियमाबाहेर वागवले असे वाटले तर तेथे लिहिता येते. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत लिहावे. उशीर झाला तर खास कारण दाखवावे लागते.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. बाजारात दंडाची पावती फाडणारा नगरपालिकेचा पक्काह हा पोलीस नव्हे. त्याची तक्रार नगरपालिकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. चुकीच्या दारावर गेलेला कागद महिनोन्महिने फिरत राहतो आणि आपली मुदत मात्र संपत जाते.

मुलाच्या नावाला डाग लागतो का?

मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

तक्रार करणाऱ्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद होत नाही. तो संशयित नसतो, फिर्यादी असतो. जाणूनबुजून खोटी तक्रार देणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण खरी तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली, असे नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि आपले लोक त्या एक समजून घाबरतात.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. त्या रात्री मुलाला स्वतःला संशयित म्हणून ठाण्यात नेऊन ताकीद देऊन जबाब घेतला असेल, तर त्याच्या नावाची एक वेगळी फाईल पोलिसांकडे झालेली असते. आरोप ठेवला नाही म्हणजे ती फाईल बंद झाली. पण कोणत्या कारणाने बंद झाली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. होसेर अश्मा, म्हणजे दोषच नाही, असे कारण लिहिले असेल तर नोंद पुसली जाते. होसेर रेआयोत, म्हणजे पुरावा अपुरा, असे लिहिले असेल तर 'बंद फाईल' अशी नोंद पोलिसांच्या दप्तरात राहते. सामान्य मालकाला ती दिसत नाही आणि ती मागण्याचा त्याला अधिकारही नाही. पण कायद्याने नेमून दिलेल्या काही सरकारी आणि सुरक्षेच्या संस्थांना ती पाहता येते.

म्हणून कागदावर केवळ 'फाईल बंद' हे दोन शब्द वाचून थांबू नये. कारण कोणते लिहिले आहे ते पाहावे. पुरावा अपुरा असे लिहिले असेल आणि आपल्या मुलाचा खरोखर काही दोष नसेल, तर कारण बदलून होसेर अश्मा करावे, असा अर्ज करता येतो. बंद फाईलची नोंद काढून टाकावी अशी विनंतीही करता येते. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे पाहण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. गुन्ह्यांच्या नोंदींविषयीचा नवा कायदा २०१९ मध्ये झाला, त्यात हे सगळे आले आहे.

थोडक्यात, दोन फायली असू शकतात : एक मुलाने केलेल्या तक्रारीची, दुसरी मुलावर घेतलेल्या संशयाची. मावशींच्या हातात पहिल्या फाईलचे पत्र होते. दुसरी आहे की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

पोलिसाचे नाव कोठे दिसते?

आता दुसरा प्रश्न. गणवेशातल्या पोलिसाने छातीवर नावाची पट्टी लावली पाहिजे, आणि अटक करताना आपण कोण आहोत व अटक का करतो आहोत हे सांगितले पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे त्या रात्री नाव वाचता येते. पण याच माणसाविरुद्ध याआधी तक्रारी झाल्या होत्या का, हे सामान्य माणसाला कोठे पाहायला मिळते?

सरळ उत्तर : एका ठिकाणी, नावाप्रमाणे लावलेले असे काही उघडे दप्तर इस्राएलमध्ये नाही. महाशकडे किती तक्रारी आल्या, किती बंद झाल्या, किती प्रकरणांत खटला झाला याचे आकडे प्रसिद्ध होतात. नावे होत नाहीत.

यामागे कायदा आहे. होक होफेश हामेदा, म्हणजे माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा, १९९८ मध्ये क्नेसेटने केला. त्याप्रमाणे प्रत्येक नागरिक किंवा रहिवासी सरकारी खात्याकडे माहिती मागू शकतो. कशासाठी पाहिजे, हे सांगावे लागत नाही. खात्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. कारण देऊन ही मुदत वाढवता येते, पण सगळे मिळून १२० दिवसांच्या पुढे नेता येत नाही. नकार आला तर प्रशासकीय न्यायालयात जाता येते. पोलीस खातेही या कायद्याखाली येते. फक्त त्याची गुप्त माहितीची शाखा वगळलेली आहे.

पण याच कायद्याच्या नवव्या कलमात अपवाद आहेत. एखाद्याच्या खासगी आयुष्यावर आक्रमण होईल अशी माहिती देता येत नाही. आणि सरकारी नोकराच्या शिस्तीसंबंधीची माहिती देण्याचे बंधन खात्यावर नाही. शिस्तीची जी सुनावणी कायद्यानेच उघडी ठेवली आहे, तेवढ्यापुरता त्याला अपवाद. म्हणजे 'अमुक शिपायाच्या आजवरच्या तक्रारी दाखवा' असे लिहिले तर बहुधा नकारच येतो. मात्र 'अमुक शहरात गेल्या पाच वर्षांत बळाच्या वापराच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले' असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे. नावे झाकून बाकीचा कागद द्यावा, असेही हाच कायदा सांगतो.

अशा आकड्यांचा उपयोग होतो का? होतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये होलोनमध्ये इथिओपियाहून आलेल्या समाजातील गणवेशातल्या एका सैनिकाला पोलीस मारत असल्याचे चित्रीकरण देशभर दिसले आणि जेरुसलेम व तेल अवीवच्या रस्त्यांवर हजारो तरुण उतरले. त्यानंतर न्याय मंत्रालयाच्या तेव्हाच्या महासंचालक एमी पाल्मोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१६ मध्ये तिचा अहवाल आला. वंशभेदाविरुद्ध काम करणारी एक सरकारी शाखा त्यातून न्याय मंत्रालयात सुरू झाली. २०२१ च्या जानेवारीत, इथिओपियन समाजासाठी काम करणाऱ्या तेबेका या संस्थेच्या अर्जावर उच्च न्यायालयाने निकाल दिला. संशयाला काही वाजवी कारण नसतानाही माणसाला थांबवून तेउदात झेहूत मागता येईल, अशी पोलिसांची जी कार्यपद्धती होती, ती टिकणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. एकाचे गाऱ्हाणे हे एकाचेच गाऱ्हाणे राहते. तीच गाऱ्हाणी शेकड्यांनी मोजली, की त्यांचा पुरावा होतो.

न्यायालयाचे दार उघडे असते

शिस्तीच्या कागदांचे कपाट बंद असले तरी न्यायालयाचे दार उघडे असते. १९८४ च्या मूलभूत कायद्यात लिहिले आहे, की न्यायालयाचे काम उघडपणे चालावे, न्यायालयाने वेगळे ठरवले नसेल तर. पोलिसावर फौजदारी खटला भरला गेला, तर तो बेत मिश्पातमध्ये सर्वांसमक्ष चालतो आणि निकाल प्रसिद्ध होतो.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा, म्हणजे नुकसानभरपाईचा. मावशींच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात तेवढे लागत नाही. तराजूचे पारडे थोडे जरी एका बाजूला झुकले तरी पुरते. म्हणून महाशने फाईल बंद केली तरी दिवाणी दावा लावता येतो आणि काही वेळा तो जिंकलाही जातो.

दावा कोणावर लावायचा? १९५२ च्या कायद्याने राज्याला आपल्या नोकरांच्या चुकांबद्दल जबाबदार धरता येते. २००५ पासून सरकारी नोकराला वैयक्तिक दाव्यापासून बरेच संरक्षण आहे, त्याने जाणूनबुजून नुकसान केले असेल तर वेगळे. म्हणून बहुतेक दाव्यांवर 'मदिनात इस्राएल, मिश्तेरेत इस्राएल' असे प्रतिवादीचे नाव असते आणि भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून जाते. दाव्याची मुदत साधारणपणे सात वर्षे. त्यानंतर हितयाश्नूत, म्हणजे हक्क कालबाह्य होतो.

आरोप न ठेवता सुटलेल्या माणसाला आणखी एक मार्ग आहे. अटकेला आधारच नव्हता, किंवा भरपाई द्यावी अशी दुसरी काही परिस्थिती होती, असे न्यायालयाला पटले तर अटकेबद्दल भरपाई मिळू शकते. १९९६ च्या अटकेच्या कायद्यात ही तरतूद आहे. नुकसान लहान असेल, उदाहरणार्थ फुटलेला चष्मा किंवा मोबाइल, तर तविओत केतानोतचे न्यायालय आहे. तेथे सहसा वकील लागत नाही. दाव्याच्या रकमेची मर्यादा मात्र असते.

हे दावे कोणाला पाहता येतात? निकाल न्यायालयांच्या नेट हामिश्पात या व्यवस्थेत आणि वकिलांच्या संग्रहांत सापडतात. २००३ च्या नियमांप्रमाणे, खटल्याशी संबंध नसलेला माणूसही कारण देऊन फाईल पाहण्याची परवानगी मागू शकतो. तरीही एक अडचण राहते. प्रतिवादी म्हणून राज्याचे नाव असल्यामुळे एकाच पोलिसावरून झालेले निरनिराळे दावे एकत्र दिसत नाहीत. आणि तडजोड झाली तर कागदावर दोन ओळींपलीकडे काही राहत नाही.

न्यू यॉर्क आणि शिकागोत काय घडले

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी हे नक्की वाचावे. तेथे हाच प्रश्न वर्षानुवर्षे भांडला गेला आहे.

न्यू यॉर्क राज्यात १९७६ मध्ये एक कलम झाले. त्याचा क्रमांक '५०-अ'. पोलिसांच्या सेवेतल्या नोंदी गुप्त ठेवाव्यात, असे ते कलम होते. वकिलांनी जुन्या नोंदी उकरून साक्षीला आलेल्या पोलिसांना उगाच छळू नये, हा मूळ हेतू. पुढे तेच कलम इतके ताणले गेले, की कोणाविरुद्ध किती तक्रारी खऱ्या ठरल्या हेही जनतेला कळेना. २०१४ च्या जुलैत स्टॅटन आयलंडवर एरिक गार्नर यांचा पोलिसाने गळा आवळल्यानंतर मृत्यू झाला. त्या पोलिसाच्या आधीच्या तक्रारी पाहण्यासाठी लोक न्यायालयात गेले, तरी कपाट उघडले नाही. शेवटी २०१७ मध्ये ते कागद बाहेर फुटले.

२०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि सारी अमेरिका हादरली. १२ जून २०२० रोजी न्यू यॉर्कने ५०-अ रद्द केले. पोलिसांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचे म्हणणे मुख्यतः नाकारले. आज न्यू यॉर्क शहरात नागरिकांचे तक्रार मंडळ आपल्याकडच्या नोंदी पोलिसाच्या नावासह दाखवते. पोलिसांवरच्या दिवाणी दाव्यांची यादी शहराचा विधी विभाग वर्षातून दोनदा प्रसिद्ध करतो. त्याआधी २०१९ मध्ये गरिबांना वकील देणाऱ्या तेथील 'लीगल एड सोसायटी'ने न्यायालयांतले दावे गोळा करून पोलिसांच्या नावाप्रमाणे लावले होते.  जे उघडे होते, पण विखुरलेले होते, ते त्यांनी एका धाग्यात ओवले.

शिकागोची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात तेथे सतरा वर्षांच्या लाक्वान मॅकडॉनल्ड या मुलाला एका पोलिसाने सोळा गोळ्या घातल्या. मुलगा अंगावर आला, असे पोलिसांचे कागद सांगत होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, दावा दाखल होण्याच्या आधीच, शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर द्यायचे ठरवले. चित्रीकरण मात्र बाहेर आले नाही. एका पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली ते मागितले आणि न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१५ मध्ये ते सर्वांनी पाहिले. मुलगा पोलिसांपासून बाजूला चालला होता. २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. भरपाई दिली गेली होती, पण सत्य झाकलेले होते. पैसे मिळणे आणि नोंद उघडी होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने जगाला दाखवले.

उघडेपणाची दुसरी बाजू

आमच्यातले एक निवृत्त पोलीस अधिकारी हा मजकूर वाचून म्हणाले, "प्रत्येक तक्रार खरी नसते, हेही लिहा." त्यांचे म्हणणे रास्त आहे.

न्यू यॉर्कच्या नोंदीत तक्रारीपुढे निकालही लिहिलेला असतो. काही तक्रारी सिद्ध झालेल्या असतात. काहींत घटना घडलेली असते, पण ती नियमाला धरून होती असे ठरते. काही निराधार निघतात. आणि पुष्कळ अशा असतात, की काय घडले ते ठरवताच आले नाही. गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत रोज काम करणाऱ्या पोलिसाविरुद्ध, कचेरीत बसणाऱ्यापेक्षा तक्रारी जास्त येणारच. म्हणून नुसता आकडा वाचून माणसाला दोषी ठरवणे हा अन्याय होईल. लाशोन हारा करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पण तोच धर्म दुसरीकडे असेही सांगतो, की शेजाऱ्याच्या रक्तापाशी स्वस्थ उभे राहू नये. एकाच माणसाविरुद्ध सात निरनिराळ्या लोकांनी, सात निरनिराळ्या वर्षी, सारखीच तक्रार केली असेल, तर ते कोणालातरी दिसले पाहिजे. दप्तर कितपत उघडावे यावर मतभेद राहतील. पण नोंद झालीच नाही, तर उघडायला काही उरतच नाही, याबद्दल आमच्यात दुमत झाले नाही.

आपल्या घरी काय करावे

पुढील गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावण्यासारख्या आहेत.

१. त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, वेळ, रस्ता, पोलिसाच्या पट्टीवरचे नाव, गाडीचा क्रमांक, साक्षीदार. मराठीत लिहिले तरी चालेल, भाषांतर नंतर करता येते. स्मरणशक्ती आठ दिवसांत फसवायला लागते.

२. दुखापत असेल तर त्याच दिवशी कुपात होलीमच्या डॉक्टरांकडे किंवा इस्पितळात जा. दुखापत कशी झाली ते कागदावर लिहायला सांगा. फोटो काढून ठेवा.

३. जवळच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर लगेच मालकाला भेटा. अशी चित्रे थोड्याच दिवसांत पुसली जातात. अनेक पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असतात. ते चित्रीकरण जपून ठेवावे, असे तक्रारीतच लिहा.

४. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. त्या पोचेवरचा क्रमांक हाच पुढच्या प्रत्येक कागदाचा आधार आहे.

५. 'फाईल बंद' असे पत्र आले तर पाकिटावर ते मिळाल्याची तारीख लिहा. महाशच्या निर्णयावर अरार, म्हणजे वरिष्ठ प्राक्लितूतकडे अपील करता येते. त्याची मुदत ६० दिवस. अरार कोठे पाठवायचा ते पत्रातच असते. अरार लिहिण्यासाठी चौकशीचे कागद पाहण्याची परवानगीही मागता येते. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा.

६. उत्पन्न कमी असेल तर दिवाणी दाव्यासाठी न्याय मंत्रालयाच्या सियुआ मिश्पातीकडे चौकशी करा. मुलावरच संशय असेल तर सानेगोरिया त्सिबुरीत, म्हणजे सरकारी बचाव वकील, हा वेगळा विभाग आहे. दिवाणी दावा हरला तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून सल्ला घेतल्याशिवाय दावा लावू नका.

७. कोणताही मूळ कागद कोणाला देऊ नका. प्रत द्या.

शेवटी मावशींच्या पत्राकडे

मावशींचे पत्र आमच्या हातात आले तेव्हा ते मिळून एक्केचाळीस दिवस झाले होते. म्हणजे अरारला एकोणीस दिवस उरले होते. तोवर ते कागद देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखे, तेफिलाच्या पुस्तकाखाली जपून ठेवलेले होते. आमच्यातल्या एका वकील मुलीने फी न घेता अरार लिहून दिला, इस्पितळाचा कागद जोडला, आणि तो मुदतीत गेला. नातवाच्या स्वतःच्या नावावर फाईल आहे का, हेही विचारले. आहे. कारण लिहिले होते : होसेर रेआयोत. ते बदलावे म्हणून वेगळा अर्ज केला आहे. दोन्हींची उत्तरे अजून यायची आहेत. ती काय येतील हे सांगता येत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना १९६४ आठवत असेल. आपल्या लग्नांविषयी रब्बींच्या खात्याने शंका घेतली, तेव्हा आपले लोक मुलाबाळांसह जेरुसलेमला धरणे देऊन बसले, आणि त्याच वर्षी क्नेसेटला आपली बाजू घेऊन बोलावे लागले. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना धड हिब्रू येत नव्हते. तरी अर्ज लिहिले गेले, निवेदने दिली गेली. ते कागद होते म्हणून आज ती हकीकत आपल्या नातवंडांना सांगता येते.

मावशी परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "निकाल लागो न लागो, आता मुलगा पत्रे स्वतः उघडून वाचतो." तुमच्या घरी असे एखादे पत्र घडी करून ठेवलेले असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. चष्मा आणि पाकीट, दोन्ही सोबत आणा. पाकिटावर तारीख असते.